सात ॲप, एक ओळ : या 'सिस्टीम'नी कोणाची कामं खरंच होतात का?

टिपणवही (पुणे) | रविवार, रात्री ११:४२

मंडळी, आज दुपारी एक हिशोब केला आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय.

२०२१ पासून मी कामं 'लावतोय'. आधी गूगल कीप. मग टूडूइस्ट. मग ऑफिसात सगळे वापरतात म्हणून ट्रेलो. मग नोशन, ज्यात मी घरासाठी असा काही डॅशबोर्ड उभा केला होता की बायकोला दाखवताना ऊर भरून आला. ती म्हणाली, "छान आहे. गिझरवाल्याला फोन केलास?" मग ठिपक्यांची वही आणि चार रंगांची पेनं. मग ऑब्सिडियन. सध्या सव्वाशे रुपयांची फुलस्केप वही.

प्रत्येक वेळी बिऱ्हाड हलवताना जुनी यादी नव्या जागी उतरवायची. आज सगळ्या जुन्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. सातही ठिकाणी एक ओळ शब्दशः तीच आहे : 'सोसायटी – कन्व्हेयन्सचं बघणे.'

मी आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीचा सचिव आहे. बिल्डरने जमीन अजून सोसायटीच्या नावावर केलेली नाही; ती करून घेणं म्हणजे कन्व्हेयन्स. चार वर्षांत त्या ओळीला मी लाल झेंडा दिला, 'अर्जंट' दिलं, 'या तिमाहीत' दिलं. काम सुईभरही हललं नाही.

म्हणून प्रामाणिक प्रश्न. या पद्धतींमुळे तुमची कामं होतात, की काम केल्यासारखं वाटतं? 'शिस्त पाहिजे' हे उत्तर नको. ते आईने सांगून झालंय.

---

चकली | रविवार, रात्री ११:५८

ॲप्सना का नावं ठेवताय? ती ओळ त्यांनी चार वर्षं जपली, एकदाही हरवली नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलंय. (हलकेच घ्या.)

अवांतर : आता कोणीतरी डबेवाल्यांचं उदाहरण देईलच. दिलंत तर मी धागा सोडून जाईन.

---

कोरी_पाटी (जर्मनी) | सोमवार, पहाटे ३:१०

टिपणवही, तुमच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागावर प्रयोग झालेले आहेत. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी २०११ मध्ये लोकांना त्यांची अपुरी राहिलेली कामं आठवायला लावली आणि मग वाचायला दिलं. वाचनात लक्ष लागेना, अपुरं काम मध्ये मध्ये डोकावत राहिलं. पण ज्यांना त्याच कामाचा कधी, कुठे, कसं असा बेत लिहायला लावला, त्यांचं डोकं शांत झालं. काम झालेलं नव्हतंच, फक्त बेत झाला होता.

याद्यांचे पुरस्कर्ते हा प्रयोग अभिमानाने सांगतात. मला तो वाचून घाम फुटला होता. टोचणी गेली की माणूस उठेल कशाला? दुखणारा दात गोळीने शांत झाला की डेंटिस्टकडे कोण जातं? (हे माझं मत, त्या दोघांचं नाही.)

माझी स्वतःची कथा अशी. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. निकलास लुहमानच्या चिठ्ठ्यांच्या पेटीबद्दल तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. बीलेफेल्ड विद्यापीठातला समाजशास्त्रज्ञ, आयुष्यभरात सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहिल्या, एकमेकींना क्रमांकांनी जोडल्या आणि त्यातून डझनावारी पुस्तकं काढली. मीही पेटी सुरू केली, संगणकावर. ११०० टिपणं झाली. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा काढला की आकाशगंगा दिसते. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मात्र नऊ पानांवर अडलेलं होतं.

गाइडने आकाशगंगा पाहिली आणि विचारलं, यातलं वाक्य कुठलं? लुहमान लिहीत होता, म्हणून त्याला पेटी लागत होती. मला पेटी होती, म्हणून मी लिहितेय असं मला वाटत होतं. यूट्यूबवर त्याच्या पेटीवर व्हिडिओ काढणारे पुढचा व्हिडिओही पेटीवरच काढतात, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल.

---

मुक्काम_पोस्ट (ठाणे) | सोमवार, सकाळी ८:२५

इथे सिस्टीमला झोडपायचा कार्यक्रम सुरू झालाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी सीए. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. साठेक क्लायंट. त्यातले निम्मे १९ तारखेच्या रात्री व्हॉट्सॲपवर बिलांचे तिरके फोटो पाठवणार. माझ्याकडे तक्ता नसेल तर महिन्याभरात दुकान बंद. डेव्हिड ॲलनने २००१ च्या पुस्तकात सांगितलेली पद्धत (सगळं डोक्याबाहेर काढा, प्रत्येक कामाची पुढची प्रत्यक्ष कृती लिहा, आठवड्यातून एकदा सगळं चाळा) मी १४ वर्षं वापरतोय, आणि ती चालते. सिस्टीमची गरज नाही म्हणणाऱ्यांकडे बहुतेकदा विसरली तरी चालतील अशी कामं असतात. त्याला मोठं महत्त्वाचं कारण असं की आयझेनहॉवरच्या चौकोनात (तातडीचं आणि महत्त्वाचं अशी कामांची वाटणी) त्यांची कामं...

असो, तो वेगळा विषय. मुद्द्यावर येतो. टिपणवही, तुमच्या त्या ओळीत दोष एका शब्दात आहे : बघणे.

मराठी माणसाच्या यादीतून हे क्रियापद हद्दपार करायला हवं. 'एलआयसीचं बघणे', 'दादाच्या मुलाचं बघणे', 'गच्चीच्या गळतीचं बघणे'. बघून काय करणार? त्याचे दोन सख्खे भाऊ आहेत, 'मार्गी लावणे' आणि 'पाठपुरावा करणे'. माझ्या ऑफिसात तिघांनाही बंदी आहे. आर्टिकलशिपच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, यादीतलं क्रियापद असं हवं की खिडकीबाहेरून बघणाऱ्या माणसाला तू काय करतोयस ते कळलं पाहिजे. फोन लावणे. झेरॉक्स काढणे. सही घेणे. स्टॅम्प पेपर आणणे. 'बघणे' करणारा माणूस बाहेरून कसा दिसतो? खुर्चीत बसलेला.

तेव्हा कन्व्हेयन्सची पुढची दिसणारी कृती कोणती, ते लिहा.

---

कोरी_पाटी | सोमवार, दुपारी २:०४

'बघणे'बद्दल +१००. भिंतीवर लावतेय.

एक किरकोळ दुरुस्ती. तातडीचं आणि महत्त्वाचं यातला फरक आयझेनहॉवरने १९५४ च्या एका भाषणात सांगितला खरा, पण एका माजी कॉलेज-प्रमुखाचं म्हणणं म्हणून, आणि त्याचं नावही घेतलं नाही. चौकोन लोकप्रिय केला तो १९८९ मध्ये स्टीफन कोवीने.

---

मुक्काम_पोस्ट | सोमवार, दुपारी २:११

मान्य. म्हणूनच वाक्य अर्धं सोडलं होतं. ;)

---

आजीचा_बटवा (सांगली) | सोमवार, दुपारी ३:३०

मी एरवी वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही.

आमच्याकडे ३८ वर्षं एकच सिस्टीम आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलं कालनिर्णय. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची उचल, नातवाचं इंजेक्शन, सासूबाईंचं वर्षश्राद्ध, सगळं त्या चौकोनांत. पेन दोरीला बांधलेलं, नाहीतर पळतं. वर्ष संपलं की ते कपाटात जातं. २००५ च्या पुराच्या वेळी सिलिंडर कधी लावला होता ते मी आजही सांगू शकते. (कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.)

ते का चाललं याचा मी विचार केला. एक तर ते एकाच जागी असतं आणि येताजाता सगळ्यांना दिसतं. दुसरं म्हणजे चौकोन लहान असतो. चारपेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. ज्या दिवशी पाचवी येते त्या दिवशी काहीतरी चुकणार हे आधीच कळतं.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. आमचे हे रिटायर झाल्यापासून फार मदत करतात. म्हणतात, "तू फक्त यादी दे, मी आणून टाकतो." आणतातही बिचारे, एक जिन्नस विसरत नाहीत. आता सांगा, यादी म्हणजे काय? साबुदाणा संपत आलाय, एकादशी परवा आहे, धाकटीला तो चालत नाही म्हणून वरी हवी, गेल्या खेपेची वरी खवट निघाली म्हणून दुसऱ्या दुकानातून हवी. एवढं सगळं डोक्यात फिरलं की कागदावर दोन शब्द उतरतात : 'वरी, अर्धा किलो'. पिशवी घेऊन जाणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम. त्याला 'मी आणलं' म्हणतात.

तुम्ही लोक याद्या करायची यंत्रं विकत घेता, ते वाचून मला हसू येतं ते म्हणून. यादी करणं हेच तर काम आहे. ते यंत्र कसं करील? त्याला वरी खवट होती हे कुठे ठाऊक?

---

चकली | सोमवार, दुपारी ३:४१

काकू, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

टिपणवही | सोमवार, रात्री १०:१५

काकू, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. चूक झाली. गिझरवाल्याला शेवटी तिनेच फोन केला होता, हे मला आज, आठ महिन्यांनी कळलं. माझ्या यादीत ते अजून 'चालू' आहे.

---

रात्रपाळी (नाशिक) | मंगळवार, सकाळी ९:०५

ड्युटी संपवून बसने घरी जाताना लिहितेय, चुका पोटात घाला.

मी स्टाफ नर्स. तुमच्या सगळ्या पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात, की तुमचा वेळ तुमचा आहे. त्या टोमॅटोवाल्याचंच घ्या. फ्रान्चेस्को चिरिलो, इटलीतला, १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी होता, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून २५ मिनिटं अभ्यास करायचा, त्याचीच पुढे पोमोदोरो पद्धत झाली. छान. विद्यार्थी होता. मला कोणी सलग २५ मिनिटं सोडलं तर मी आधी जेवीन. आमच्याकडे 'व्यत्यय' असं काही नसतं. बेल वाजली म्हणजे तेच काम.

तरीही मी यादीवाली आहे. हँडओव्हर घेताना खिशात एक चिठ्ठी : बेड नंबर, कोणाची सलाईन कधी संपणार, कोणाची शुगर किती वाजता. पाळी संपली की चिठ्ठी फाडायची. दुसऱ्या दिवसाला काही उरत नाही, कारण उरलेलं सगळं मी पुढच्या सिस्टरच्या कानावर घातलेलं असतं. टिपणवही, तुमची यादी फुगते कारण तुमची पाळी कधी संपतच नाही.

आणि याद्या नुसत्या असून काय होतं याचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रातलं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेआधीची सुरक्षा यादी. रुग्ण तोच का, बाजू तीच का, ॲलर्जी आहे का, स्पंज मोजले का. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ मध्ये निकाल छापून आला : मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. सगळीकडे जयजयकार. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती १०१ हॉस्पिटलांत लागू केली. २०१४ चा अहवाल सांगतो, ०.७१ वरून ०.६५. म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशोबाने फरक नाहीच.

का, यावर डॉक्टर लोक अजून भांडतात. मी थिएटरला दोन वर्षं काढलीत, मला आश्चर्य वाटलं नाही. यादी मोठ्याने वाचून सगळे हातातलं थांबवून ऐकतात तेव्हा ती वेगळी असते. आणि सर्जन हात धूत असताना कोपऱ्यात उभी राहून कोणीतरी सगळ्या चौकटींत टिका मारते तेव्हा वेगळी. कागद तोच.

स्टॉप आला. जाते.

---

शिवणयंत्र (कोल्हापूर) | मंगळवार, दुपारी १:२०

लेडीज टेलर आहे. थोडक्यात सांगतो.

दुकानात भिंतीला १८ खुंट्या आहेत. एका खुंटीवर एका गिऱ्हाईकाचं कापड आणि मापाची चिठ्ठी. खुंट्या भरल्या की नवीन कापड घ्यायचं नाही, मग मामेबहीण का येईना. माझे वडील घ्यायचे, नाही म्हणायची भीड पडायची. दिवाळीत ६० ब्लाउज कापून ठेवलेले आणि एकालाही हुक नाहीत. बायका दारात, वडील मागच्या दाराने चहाला. मी धंदा हातात घेतल्यावर पहिलं काम केलं ते जास्तीच्या खुंट्या उपटल्या. आता दसऱ्याआधीच पाटी लावतो, ऑर्डर बंद. चार गिऱ्हाइकं रागावून जातात, पण ज्यांचं घेतलं त्यांचं वेळेवर जातं.

तुमच्या ॲपला खुंट्या किती?

---

कोरी_पाटी | मंगळवार, दुपारी २:४५

शिवणयंत्र, टोयोटाच्या कारखान्यातली कानबान पद्धत म्हणतात ती यापेक्षा फार वेगळी नाही. चिठ्ठी मोकळी झाल्याशिवाय पुढचा माल करायचा नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उचलली, रंगीत रकाने घेतले, आणि 'एका वेळी इतकीच' हा जो गाभा आहे तो बरेच जण सोडून देतात. ट्रेलोत 'चालू' रकान्यात ४० कार्डं असलेला मी एकटीच नसेन.

---

नाना_डोंबिवलीकर | मंगळवार, रात्री ८:००

मी उपनिबंधक कार्यालयातून निवृत्त झालो. कन्व्हेयन्सच्या फायलींनी टेबलावरचा माणूस दिसत नसे असे दिवस काढलेत.

टिपणवही, सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत हस्तांतरण करून देणं हे बिल्डरवर बंधनकारक आहे. १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्रातला फ्लॅटमालकीचा कायदा. तो देत नाही म्हणूनच २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आलं, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी सरकारी आदेशाने होणारं कन्व्हेयन्स. नमुना ७ मध्ये अर्ज, जिल्हा उपनिबंधकांकडे. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येकाचा करारनामा आणि इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा), सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, बिल्डरला दिलेली नोटीस. निर्णयाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. किचकट आहे, अवघड नाही. तुमच्यासारखा इंजिनिअर माणूस चार शनिवारांत कागद गोळा करील.

म्हणून विचारतो. सात ॲप आणि चार वर्षं झाली तरी पहिला कागदसुद्धा नाही, हा आळस वाटत नाही. आळशी माणूस सात ॲप बदलत नाही. नक्की कुठं अडलंय?

---

टिपणवही | बुधवार, रात्री १२:५०

नाना, हा प्रतिसाद तीन वेळा लिहून खोडला.

सोसायटीची जुनी फाइल माजी सचिव काकांकडे आहे. करारनाम्यांच्या प्रती, नकाशा, सगळं त्यांच्या पोटमाळ्यावर. २०१९ च्या वार्षिक सभेत मी त्यांना हिशोबावरून सगळ्यांदेखत बोललो. रंगकामाच्या बिलात तफावत होती. नंतर कळलं की ती चूक ऑडिटरची होती. मी ते कोणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटलो तर दोघंही मजल्याचे आकडे बघतो.

मुक्काम_पोस्ट, तुम्ही म्हणालात खिडकीबाहेरून दिसेल अशी कृती लिहा. काल वहीत लिहायला बसलो. 'काकांकडून फाइल आणणे' लिहिलं. त्याच्या आधीची कृती कोणती, ते कळत होतं, पण लिहवेना. कुठल्याच ॲपमध्ये त्याला रकाना नव्हता असं म्हणणार होतो, पण रकाना तर होता. मीच ती ओळ लिहीत नव्हतो.

---

आजीचा_बटवा | बुधवार, सकाळी ६:४०

जा. हात हलवत जाऊ नका. आणि जेवणाच्या वेळेला जाऊ नका.

---

कोरी_पाटी | बुधवार, सकाळी ११:३०

टिपणवही, एक उपयोगी गोष्ट. 'जमेल तेव्हा जाईन' म्हणू नका, एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधा. "शनिवारी दळण घेऊन वर आलो की डबा खाली ठेवायच्या आधी त्यांची बेल." गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या जर-तरवर आयुष्य घालवलंय. २००६ मध्ये शीरानसोबत त्याने ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात बऱ्यापैकी फरक दिसला. मी माझं दुसरं प्रकरण असंच लिहितेय, चहाचा कप टेबलावर ठेवला की फाइल उघडायची. पेटी बंद.

आणि चार शनिवार पुरतील यावर विसंबू नका. कॅनडात १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंधिका किती दिवसांत होईल? सरासरी अंदाज ३३.९ दिवस, प्रत्यक्षात ५५.५. 'सगळंच बिघडलं तर किती' याचा अंदाजही ४८.६ होता, तोही कमी पडला.

---

मुक्काम_पोस्ट | बुधवार, दुपारी १२:१०

माझ्या १४ वर्षांच्या यादीत अशी एक ओळ आहे. भावाशी संबंधित. दर रविवारी आढावा घेतो आणि दर रविवारी पुढे ढकलतो, अत्यंत पद्धतशीरपणे. इतकंच लिहितो.

---

टिपणवही | रविवार, संध्याकाळी ७:२० (अकरा दिवसांनी)

पहिला शनिवार चुकला. दळण घेऊन थेट घरात शिरलो. काल गेलो.

काकूंनी दार उघडलं, माझ्या हातात पिठाचा डबा बघून गोंधळल्या. (हात हलवत जाऊ नका म्हणजे पीठ न्या असा अर्थ नव्हता, हे मला आता कळतंय.) काका टीव्ही बघत होते. मी ऑडिटरचं सांगितलं. ते म्हणाले, "मला तेव्हाच माहीत होतं." मग बराच वेळ कोणी बोललं नाही, बातम्या चालू होत्या. मग ते स्टूल आणायला उठले आणि मी स्टूल धरलं.

सगळं गोड झालं असं नाही. चहा आला नाही. फाइल मिळाली. २४ पैकी १९ करारनामे आहेत, पाच नाहीत. नकाशाची प्रत वाळवीने खाल्लीय, महापालिकेतून काढावी लागेल. काका जाताना म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरचे लोक कागद देणार नाहीत, त्यांना भेटायला मी येतो.

वहीत ती ओळ खोडली आहे. तिच्या जागी सध्या तीन ओळी आहेत, एकीतही 'बघणे' नाही. आणि कबूल करतो, फ्लॅटवार कागदांची एक एक्सेल शीट केली आहे. मिळाले ते हिरवे, बाकी ते पिवळे, भांडणवाले...

---

चकली | रविवार, संध्याकाळी ७:२६

लाल की केशरी?

---

नाना_डोंबिवलीकर | रविवार, संध्याकाळी ७:४०

त्या पाच जणांचे इंडेक्स टू ऑनलाइन शोधून काढा आधी. नोंदणीचं साल काकांना विचारा. रंग नंतर.